उसवणाऱ्या काकू

काकू आमच्या ऑफिसात नोकरीसाठी आल्या तेव्हा सरांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "कुठलं सॉफ्टवेअर येतं तुम्हाला?" काकूंनी पिशवीतून स्टीलचा एक चपटा डबा काढला, सरांच्या लॅपटॉपशेजारी ठेवला आणि झाकण उघडलं. आत रंगीत पेन्सिली होत्या, नीट टोकं काढलेल्या, उंचीप्रमाणे ओळीने लावलेल्या.

"हे येतं," काकू म्हणाल्या. "बाकीचं शिकवा. मी ढ नाही."

सर तिशीतले, काकू साठीच्या आसपास. आपल्या आईपेक्षा मोठ्या बाईला नाही कसं म्हणायचं हे सरांना व्यवस्थापनाच्या कोर्समध्ये कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी काकूंना महिनाभर ठेवून बघायचं ठरवलं, आणि मग बघणं राहूनच गेलं. काकू खिडकीजवळच्या टेबलावर बसल्या त्या बसल्याच.

आमचं ऑफिस मीरा रोडच्या शांती नगरात, दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. खाली फरसाणवाला, शेजारी कॉमर्सचे क्लासेस. दुपारी शेवेचा घाणा सुरू झाला की आमच्या लिखाणाला चव यायची. काम म्हणजे लोकांच्या वेबसाइटसाठी ब्लॉग लिहायचे. दातांचे डॉक्टर, योगवर्ग, घरसामान हलवणारे, सगळ्यांना ब्लॉग हवे असत आणि ते सगळे मी लिहीत असे. मला माझ्या लिखाणाचा बऱ्यापैकी गर्वही होता. मग एक दिवस सरांच्या लक्षात आलं की आपण लिहिलेले शेकडो लेख नेटवर नुसते पडून आहेत, कुत्रं फिरकत नाही त्यांच्याकडे. त्यांनी मीटिंग घेतली. जुने ब्लॉग 'रिफ्रेश' करायचे, प्रत्येकाचं एक साधं इन्फोग्राफिक बनवायचं, म्हणजे चार ओळी आणि एक चित्र, बघितलं की कळलं आणि कळलं की पुढे पाठवलं.

"म्हणजे शिळ्या कढीला ऊत," मी म्हटलं. माझ्या लेखांच्या चार ओळी होणार याचा मला राग आला होता.

काकू मीटिंगमध्येही विणकाम करत. सुया न थांबवता त्या म्हणाल्या, "कढी नव्हे गं. स्वेटर. जुना स्वेटर कुणी घालत नाही म्हणून टाकायचा नसतो. उसवायचा. लोकर चांगली असेल तर त्यातून नवं काहीतरी विणता येतं. लोकरच नसेल तर मात्र इलाज नाही."

तेव्हापासून आमच्याकडे या कामाला उसवणं असंच म्हणू लागले. क्लायंटच्या फोनवरसुद्धा सर बोलून जात, "हो, हो, तुमचा ब्लॉग उसवायला घेतलाय." पलीकडचा माणूस काय समजत असेल देव जाणे.

काकूंच्या या सगळ्या बोलण्याचं मूळ त्यांच्या जुन्या नोकरीत होतं. एका महिलांच्या मासिकात त्या कित्येक वर्षं विणकामाचे नमुने काढत. ग्राफ पेपरवर चौकोन भरायचे, इथे उलट टाका, इथे सुलट, इथे रंग बदला. वाचणारी बाई कुठेतरी स्वयंपाकघरात बसलेली, एक डोळा दुधावर, एक डोळा पानावर. तिला एक चौकोन चुकीचा दिसला तर अख्खी बाही उसवावी लागणार. "मी लेख लिहिणाऱ्यांचा हेवा कधीच केला नाही," काकू सांगत. "त्यांचं चुकलं तर वाचक जांभई देतो. माझं चुकलं तर कुणाच्या तरी पोराचा हात बाहीत शिरत नाही." मासिक बंद पडलं, काकूंचे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि काकू पेन्सिलींचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या.

यजमानांवरून आठवलं. माझ्या भाचीसाठी काकूंनी एकदा टोपडं विणलं. निळी, मऊ, थोडी वापरलेली लोकर. मी विचारलं, कुठून आणली? तर म्हणाल्या, "ह्यांचा स्वेटर होता. माणूस गेला, लोकर चांगली आहे." त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला मात्र ते टोपडं हातात धरवेना. बहिणीला मी ही हकीकत अजून सांगितलेली नाही.

लेख उसवायची त्यांची पद्धत अशी. आधी लेखाचा प्रिंट काढायचा. मग ज्याने लिहिलाय त्याला समोर बसवायचं, म्हणजे मला, आणि लेख मोठ्याने वाचून दाखवायचा. आपलंच वाक्य काकूंच्या सपाट आवाजात ऐकणं ही शिक्षा होती. "'आजच्या धकाधकीच्या जीवनात'," काकू वाचत, थांबत, माझ्याकडे बघत. मी खिडकीबाहेर बघत असे. वाचून झालं की दोन प्रश्न: हे कुणासाठी आहे? त्याने हे वाचून उठून काय करायचं? मग पेन्सिलींच्या डब्याशेजारची मोठी कात्री निघे. लेखाच्या पट्ट्या होत. बहुतेक पट्ट्या एका रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात जात, दोन-तीन टेबलावर उरत. त्या उरलेल्यांचं चित्र व्हायचं.

पावसाळ्यातल्या त्वचेच्या काळजीवर मी एक लांबलचक लेख लिहिला होता. त्यात आयुर्वेद होता, आजीचा बटवा होता, माझ्या मते थोडं काव्यही होतं. काकूंनी तो कापला आणि टेबलावर एकच पट्टी उरली: बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं तू चांगलं लिहितेस," काकू म्हणाल्या. "पण लोकर एवढीच निघाली."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मग त्यांनी काढलेलं चित्र आलं. ओली चप्पल, पाय, बोटांच्या मध्ये कापडाचं टोक. खाली एक ओळ. माझ्या स्वतःच्या आईने ते मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं, ते माझ्याच लेखातून निघालंय हे तिला माहीतही नव्हतं. सोबत लिहिलं होतं, "बघ, किती छान सांगितलंय. तू असं काहीतरी लिहीत जा." मी मेसेज काकूंना दाखवला. त्यांनी तो वाचला, फोन परत दिला आणि मला त्यांच्या खाऊच्या डब्यातली एक आख्खी शंकरपाळ्यांची मूठ दिली. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, असं म्हणायला हरकत नाही.

काकूंचे नियम बरेच होते आणि सगळे विचित्र होते. एका कागदावर एकच गोष्ट. रंग दोन, तिसरा घेतलास तर कारण सांग. चष्मा काढून बघायचं, तरी कळलं पाहिजे. पोळीसारखा गोल, तुकडे पाडलेला 'पाय चार्ट' त्यांना अजिबात खपत नसे. "पुरणपोळीचे तुकडे डोळ्यांनी मोजता येत नाहीत," त्या म्हणत. "येत असते तर भावंडं भांडली असती का?" सरांना चित्रात कल्पनेसाठी पेटलेला बल्ब घालायची फार हौस होती. काकू तो प्रत्येक वेळी काढून टाकत. सर विचारत, का? "माझ्या घरी बल्ब म्हणजे उजेड. उजेड दाखवायचा असेल तेव्हा घालीन."

सॉफ्टवेअर त्या खरोखरच शिकल्या, आणि आमच्यातल्या कुणाहीपेक्षा चांगलं शिकल्या. पण आधी ग्राफ पेपर, मग स्क्रीन. सरांनी पुढे एक आयतं साधन विकत घेतलं. जुना ब्लॉग त्यात टाकला की बटण दाबताच चकचकीत इन्फोग्राफिक बाहेर पडायचं, बल्बासकट. काकूंनी ते नीट बघितलं, दोन-तीन लेख टाकून पाहिले. "छान आहे," म्हणाल्या. "फक्त याला लाज नाही." म्हणजे काय, असं सरांनी विचारलं. "समोरच्याला कळलं नाही तर मला लाज वाटते. याला वाटत नाही. म्हणून हे भराभर होतं."

चित्र तयार झालं की ते परीक्षेला बसायचं. परीक्षा काकूंच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. त्यांची सोसायटी म्हणजे मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीसारखी सरमिसळ. खालच्या मजल्यावर गुजराती, वर मारवाडी, मध्ये दोन-चार मराठी, एक केरळी नर्सबाई, उत्तरेकडची तीन कुटुंबं. काकू लिफ्टमध्ये चिकटपट्टीने कागद लावत आणि हातात भाजीची पिशवी घेऊन, कुठेतरी निघाल्यासारखा चेहरा करून, वर-खाली प्रवास करत राहत. लोकांची नजर कागदावर जाते का, कुठे अडकते, उतरताना कपाळावर आठी असते की नसते, एवढंच बघायचं. कुणाला काही विचारायचं नाही. "विचारलं की लोक शहाणे होतात," त्या म्हणत. ओला कचरा आणि सुका कचरा यावरचं त्यांचं चित्र असंच लिफ्टमध्ये पास झालं आणि आसपासच्या कितीतरी सोसायट्यांत जिन्याखाली लागलं.

ते चित्र बघूनच चौकची मुलगी आमच्याकडे आली.

चौक म्हणजे उत्तनच्या बाजूचं, समुद्राकाठचं मच्छीमारांचं गाव. मुलगी तिथली, कॉलेज झालेली, भाईंदरला एका दुकानात हिशेबनीस. वडील आणि भाऊ बोटीवर जात, आई टोपली घेऊन बसने येऊन मीरा रोडला मासळी विकायला बसे. ही मुलगी कित्येक वर्षं माशांवर ब्लॉग लिहीत होती आणि तिच्या मैत्रिणींखेरीज तो कुणी वाचत नव्हतं. तिला एकच गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवायची होती: लहान मासे घेऊ नका. पिल्लंच खाल्ली तर पुढे जाळ्यात काय येणार? वडिलांची बोट अलीकडे अर्धी रिकामी येत होती.

"हे शेवटचं करून बघते," ती म्हणाली. "नाही झालं तर ब्लॉग बंद. घरी पण सगळे बोलतात, काय लिहीत बसतेस म्हणून."

सरांना या कामात फारसा रस नव्हता. काकूंनी ते ओढून घेतलं. चार दिवस त्या तो ब्लॉग वाचत होत्या, आणि वाचताना त्यांच्या सुया थांबल्या होत्या. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, ही पोरगी लिहिते," मला म्हणाल्या. "लोकरच लोकर आहे यात." खरंच होतं. वारा, जाळी, आईची बोलणी, आजीचे टोमणे, सगळं त्यात होतं, फक्त मुद्द्याची गोष्ट कुठल्यातरी खालच्या परिच्छेदात दडलेली होती. तिथे लिहिलं होतं की विकायला पापलेट निवडताना माझी आई त्याच्यावर स्वतःचा हात ठेवते, हाताहून लहान असेल तर म्हणते, हे अजून मोठं व्हायचंय.

कात्री चालली. बिस्किटाचा डबा भरला. टेबलावर एक पट्टी उरली आणि तिच्यातलेही काही शब्द काकूंनी छाटले. मग चित्र आलं. एक सरळ, स्वच्छ हात. त्याच्याखाली पापलेट, हाताच्या मानाने चिमुकलं. वर लिहिलं होतं, 'हाताहून लहान? मोठं होऊ द्या.' कोपऱ्यात बारीक अक्षरात ब्लॉगचं नाव. बस, एवढंच. मी चष्मा लावत नाही, पण डोळे बारीक करून पाहिलं, लांबून पाहिलं, कसंही पाहिलं तरी कळत होतं. 

काकूंनी सवयीने ते लिफ्टमध्ये लावलं. आपली सोसायटी कोणती, लिफ्ट कोणाची, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. अर्ध्या बिल्डिंगमध्ये कांदासुद्धा शिजत नाही, तिथे काकूंनी सकाळी सकाळी देवळात निघालेल्या बायकांसमोर पापलेट टांगलं. खालच्या मजल्यावरची बेन पदर नाकाला लावून, "काकी, आ शुं छे?" म्हणत बाहेरच पडली. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी काकूंच्या दारात आले.

"काकी, लिफ्ट में मछली?"

"मछली नहीं, मछली का चित्र है," काकू म्हणाल्या. "आप को समझा क्या, क्या लिखा है?"

"लिखा तो मराठी में है. पर समझ गया. छोटी मत लो." सेक्रेटरी जरा थांबले. "अच्छी बात है. मैं तो बोलता हूँ बड़ी भी मत लो."

काकूंनी कागद काढला, बेनची माफी मागितली, आणि ऑफिसात आल्या त्या कमालीच्या खुशीत. "ज्याने जन्मात मासा चिरला नाही, त्यालाही कळलं! झालं. पाठव."

मुलीने चित्र पाठवलं, आणि ते निघालं ते थांबेचना. शांती नगरातून नया नगरात गेलं, भाईंदरला गेलं, जिमच्या ग्रुपवर गेलं, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेलं. मुलीचा ब्लॉग लोक उघडून वाचू लागले. सर एवढे खूश झाले की त्यांनी खालून सगळ्यांना समोसे मागवले.

आणि मग मुलगी ऑफिसात येऊन रडायला लागली.

झालं होतं ते असं. तिची आई नेहमीच्या जागी टोपली घेऊन बसली होती. एक गिऱ्हाईक आलं, वाकलं, आणि काही न बोलता आईच्या पापलेटांवर आपला हात धरून बघू लागलं. नाही, लहान आहे, म्हणालं आणि गेलं. मग दुसरं. मग वर्षानुवर्षं आईला मावशी म्हणून हाक मारणारी एक बाईसुद्धा फोन बाहेर काढून चित्राशी मासा ताडून बघायला लागली. आईने विचारलं, काय हाय हे? बाईने फोन दाखवला. कोपऱ्यात ब्लॉगचं नाव होतं. आईने टोपली उचलली, बस पकडली आणि घरी गेली. त्यानंतर ती विकायला बसलीच नव्हती, आणि मुलीशी एक शब्द बोलली नव्हती.

"मला वाटलं चिडेल, ओरडेल," मुलगी म्हणाली. "ती गप्पच आहे. काकू, ते चित्र काढून टाका ना."

ते कसं काढणार? एकदा फोनाफोनी फिरलेलं चित्र म्हणजे सुटलेला टाका, धावत सुटतं. सर समजुतीने म्हणाले की अशा वेळी थोडा विरोध होतोच, उलट हे यशाचं लक्षण आहे. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की सर आपल्या केबिनमध्ये गेले. मग काकूंनी पेन्सिलींचा डबा बंद केला, पिशवीत टाकला आणि विचारलं, "चौकला बस कुठून सुटते?"

काकू क्लायंटकडे कधीच जात नसत. कुणी चित्रात बदल सांगितले तर, "त्यांना सांग, काकू गावाला गेल्या," एवढाच निरोप मिळे. म्हणून मीही निघाले. भाईंदर पश्चिमेहून बस मिळाली. वाटेत काकू एकदाही विणायला बसल्या नाहीत. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मी विचारलं, "काय सांगणार तुम्ही तिच्या आईला?" "सांगायचं काय," म्हणाल्या. "आधी बघू दे मला, कुठे चुकलं." मला तोवर वाटत होतं की काकूंचं काही चुकलेलं नाहीच. खरी गोष्ट सांगितली की कुणाला तरी लागणारच, असं माझं मत होतं आणि मी ते बसमध्ये बोलूनही दाखवलं. काकूंनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हे.

घरासमोरच्या मोकळ्या जागेत बांबूच्या मांडणीवर बोंबील वाळत घातले होते. मुलीची आई ओट्यावर बसून जाळं शिवत होती. दणकट बाई, हातांत दोन-दोन हिरव्या बांगड्या. आम्हाला बघून तिने नमस्कार केला, चटई पुढे सारली. मुलगी दारात उभी होती. तिच्याकडे न बघता आई हवेत म्हणाली, "पावण्यांना पानी दे म्हनावं कुनीतरी."

मुलीने पाणी आणलं. काकूंनी ते प्यायलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "ते चित्र मी काढलंय. तुमच्या मुलीने नाही."

आईने काकूंना नीट न्याहाळलं. "चित्र बरं हाय," म्हणाली. "कुनालाबी कलंल असं हाय."

"मग?"

"मग काय?" जाळ्यातली सुई थांबली. "बारीक मासा नको, हे काय मना ठाव न्हाय? माज्या सासूनं मना शिकवलं, मी हिला शिकवलं. माजा हात, माजं माप. आन् आता माज्याच मापानं लोक मनाच मोजतात. भर बाजारात. जशी काय मी चोर हाय." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जाल्यात काय येईल ते मी ठरवते का? तरी बारीक निवडून मी बाजूला काडते. हे कुनी लिवलं का?"

आईने सुनेचा फोन मागवला, चित्र उघडलं आणि काकूंच्या पुढे धरलं.

"बाई, ह्या कागदावर मी कुटं हाय?"

मला तो लेख आठवत होता. 'माझी आई त्याच्यावर स्वतःचा हात ठेवते.' काकूंनाही आठवला असणार. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी सांगितलं असतं की लेख कुणी लिहिला, कुणी पास केला, क्लायंटने होकार दिला होता. क्लायंट तर तिथे दारात उभी होती, मान खाली घालून.

"तुम्ही होतात," काकू म्हणाल्या. "तुमच्या मुलीने लिहिलं होतं तुमच्याबद्दल. पुष्कळ लिहिलं होतं. मी कापलं."

"का?"

"मला वाटलं, जागा नाही."

आईने फोनकडे पाहिलं, मग काकूंकडे. "येवडा मोटा कोरा कागद," ती म्हणाली, "आन् जागा न्हाय?"

काकूंनी चष्मा काढला आणि ते चित्र पुन्हा पाहिलं. पुढे वर्षभरात त्या नोकरी सोडून नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या. तिथे निदान थंडी तरी आहे, त्यांच्या स्वेटरांचं चीज होत असेल. मी त्यांच्याकडून कापायला शिकले, दोन रंगांत भागवायला शिकले, पण त्यांची आठवण काढताना मला त्यांचं एकही चांगलं चित्र आधी आठवत नाही. त्या ओट्यावर चष्मा काढून बसलेल्या काकू आठवतात. ज्या पद्धतीवर आयुष्य काढलं ती आपल्या डोळ्यांसमोर कमी पडली, आणि काकूंनी ना ती पद्धत रेटली ना आपला बचाव केला. त्यांना केवढं लागलं असेल ते मला दिसत होतं. एवढा मोठेपणा मी नंतर कुणात फारसा पाहिलेला नाही, माझ्यात तर नाहीच.

काकूंनी पिशवीतून ग्राफ पेपर काढला, चटईवर पसरला, डब्यातली पेन्सिल घेतली.

"हात द्या तुमचा."

"कशाला?"

"माझ्या चित्रातला हात कुणाचाच नाही. म्हणून लोक स्वतःचा हात घेऊन आले. तो तुमचा हवा."

आईने हात पुढे केला, मग मागे घेतला, लुगड्याला पुसला. "मासलीचा वास हाय."

"असू दे. कागदाला लागू दे."

तिने तो हात कागदावर ठेवला. काकू गुडघ्यांवर वाकल्या आणि अंगठ्यापासून कडेकडेने पेन्सिल फिरवू लागल्या. मुलगी दारातून थोडी पुढे सरकली. तर्जनीपाशी आई हसली. "ते बोट वाकडं हाय, कोयता लागला होता. तुमी सरल काडा."

"नाही," काकू म्हणाल्या. "आहे तसंच."

पेन्सिल त्या वाकड्या बोटाला वळसा घालून गेली, मग पुढच्या बोटाला, मग मनगटाशी आली. तिथे काकूंनी हिरवी पेन्सिल घेतली आणि बांगड्या काढल्या, दोन्ही. शेवटी आईने हात उचलला. कागदावर तिचा हात राहिला होता, रुंद, वाकड्या बोटाचा, मुठीएवढं पापलेट सहज झाकेल असा. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

मग तिने मान वर केली आणि सरळ मुलीकडे बघितलं.

"ये गं हिकडं," ती म्हणाली. "ह्याच्याखाली माजं नाव लिव. तुज्या अक्षरात."

काकूंनी पेन्सिल पोरीच्या हातात दिली.